एड्सगर डाइक्स्ट्रा : आधी पाया, मग वेग



एड्सगर डाइक्स्ट्रा यांचा जन्म १९३० मध्ये नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे झाला. १९५७ मध्ये विवाहनोंदणीत त्यांनी ‘प्रोग्रामर’ हा व्यवसाय सांगितला, पण अधिकाऱ्यांनी तो मानलाच नाही. पुढे आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठात लहानशा चमूसह त्यांनी एक्स ८ या संगणकासाठी ऑपरेटिंग सिस्टिम बांधली. संथ यंत्रे चालत असता प्रोसेसर रिकामा राहू नये, म्हणून कामांची पाळी लावणे सर्वांत खालच्या थराकडे, म्हणजे गाभ्याकडे सोपवले. कामे एकमेकांत अडकू नयेत म्हणून रेल्वेसारखे सिग्नल, ‘सेमाफोर’, योजले. एक थर तपासून झाल्यावरच वरचा चढवला. १९६८ मध्ये ही रचना प्रसिद्ध झाली. २००२ मध्ये ते निवर्तले. वेग हवा तर आधी पाया तपासावा, हे आपण गणिताच्या वहीतही पाळू या.