चिमणरावांचे जनक : चिंतामण विनायक जोशी

चिंतामण विनायक जोशी यांचा जन्म १९ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांना धर्मानंद कोसंबींसारखा गुरू लाभला आणि पालीची गोडी लागली ती कायमचीच. नोकरीचा मोठा काळ बडोद्यात गेला. तेथील महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली, तसेच संस्थानच्या दफ्तरखान्याचीही जबाबदारी सांभाळली. एकीकडे ताडपत्री परंपरेतील पाठभेद, दुसरीकडे सरकारी कागदांचे गठ्ठे, असा हा दिनक्रम होता.

१९३३ हे वर्ष त्यांच्या चरित्रात विशेष लक्षणीय ठरते. पटिसंभिदामग्गावरील ‘सद्धम्मप्पकासिनी’ या अट्ठकथेचा त्यांनी संपादिलेला पहिला खंड लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने त्या वर्षी प्रसिद्ध केला. ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ हा संग्रहही त्याच वर्षीचा. पहिला ग्रंथ मूठभर अभ्यासकांपुरता राहिला; दुसऱ्यातील भित्रा, किडकिडीत चिमणराव मात्र घरोघरी पोहोचला.

या लोकप्रियतेचे मर्म निवेदनात आहे. चिमणराव स्वतःच स्वतःची हकीकत सांगतो. आपली फजिती झाकण्यासाठी तो जे बोलतो त्यातूनच ती उघडी पडते, आणि वाचकाला त्याच्यापेक्षा अधिक दिसू लागते. सर्व्हांटिसच्या जोडगोळीत कृश डॉन किखोते साहसाला निघतो व स्थूल सांचो त्याला जमिनीवर आणू पाहतो. जोशींनी ही वाटणी उलटी केली. येथे धिप्पाड गुंड्याभाऊ धाडस करतो, तर कृश चिमणराव कचरत त्याच्यामागे जातो. मध्यमवर्गीय पांढरपेशाच्या भीतीला आणि प्रतिष्ठेच्या हव्यासाला त्यामुळे एक चेहरा मिळाला. हा विनोद व्यंगचित्रासारखा थोड्या रेषांत माणूस उभा करतो, परंतु त्या माणसाचा द्वेष करीत नाही.

मास्टर विनायक यांच्या ‘लग्न पाहावं करून’ (१९४०) या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर चिमणराव व विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ झाले. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनच्या मालिकेत दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी त्या भूमिका केल्या. अंधेरी-बोरिवली, घाटकोपर-मुलुंडच्या चाळींत, सोसायट्यांत जमलेल्या प्रेक्षकांपैकी अनेकांना ही पात्रे आधी ठाऊक झाली, त्यांचा लेखक नंतर.

जोशींचे निधन २१ नोव्हेंबर १९६३ रोजी झाले. त्यांच्या विद्वत्तेवर चिमणरावाची छाया पडली, हे खरे. तथापि पालीचा संपादक आणि विनोदकार ही दोन माणसे मानणे योग्य नव्हे. हस्तलिखितातील एकेक अक्षर तपासणारी सावध नजरच माणसाच्या बोलण्यातील विसंगतीही टिपत होती. म्हणून चिमणरावाचा अभ्यास करताना त्या पाली ग्रंथाकडे पाठ फिरविली, तर त्याच्या जनकाचे अर्धेच चरित्र हाती लागते.