आनंदीबाईंचे इंग्रजी

डॉ. आनंदीबाई जोशी म्हटले की अमेरिका, पदवी आणि अकाली मृत्यू एवढे आपण शाळेपासून पाठ म्हणतो. त्या आपल्या कल्याणच्या, हे सांगताना आपली मान ताठ होते. मला मात्र दुसरेच कुतूहल आहे. या मुलीला इंग्रजी बोलता कसे आले? तासाला जोड्या लावून इंग्रजीत बोलायला सांगितले की आम्ही डोंबिवली-कल्याणची मुले बाकाकडे पाहत बसतो, म्हणून हे कुतूहल!

माहेरची ही यमुना. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव कल्याणच्या टपाल कचेरीत कारकून, बिजवर, वयाने सुमारे २० वर्षांनी मोठे. बायकोने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. पुढे अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा बदल्या झाल्या. मुंबईत मिशनची शाळा मिळाली खरी, पण एरवी समोर पुस्तक आणि गोपाळराव. दहाव्या वर्षी लाकडाचा मार आणि बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या यांचा उल्लेख आनंदीबाईंनी अमेरिकेहून नवऱ्यालाच लिहिलेल्या पत्रात केला आहे. गोपाळरावांवाचून हे शिक्षण सुरूच झाले नसते, हे मान्य. पण ज्याच्यापुढे चुकायची धास्ती, त्याच्याशी परकी भाषा मोकळेपणी कशी बोलावी?

चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. डॉक्टर होण्याचा निश्चय तेथला. गोपाळरावांनी वाइल्डर या मिशनऱ्यांना लिहिलेले पत्र अमेरिकेतील मासिकात छापले गेले होते. १८८० साली दातांच्या डॉक्टरकडे बसल्या असता न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते वाचले आणि पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. चालीरीती, सणवार, प्रकृती, सगळे विषय त्या पत्रांत येत. आनंदीबाईंना बरोबरीने बोलणारे माणूस मिळाले ते येथे, असे मला वाटते; मग ते कागदावर का असेना!

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळच्या सेरामपूर कॉलेजात त्यांनी इंग्रजीत जाहीर भाषण केले आणि आपण अमेरिकेस का जातो हे सांगितले. वय अठरासुद्धा पुरे नव्हते. एप्रिलमध्ये त्या पतीवाचून बोटीत बसल्या. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्यावर कॉलेज सुरू होईपर्यंतचे महिने मावशींच्या रोझेल येथील घरी गेले. इतकी वर्षे कागदावर चाललेले बोलणे आता स्वयंपाकघरात सुरू झाले. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी ११ मार्च १८८६ रोजी मिळवली.

कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक वाट पाहत राहिली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने पुण्यात त्यांचे निधन झाले. गोपाळरावांनी अस्थी मावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आजही आहेत.