उत्तरेच्या नद्यांचा नकाशाकार : अंतोनियो मोन्सेरात

अकबराच्या निमंत्रणावरून १७ नोव्हेंबर १५७९ रोजी तीन जेझुइट पाद्री गोव्याहून फत्तेपूर सिक्रीस निघाले. त्यांतील रोदोल्फ आक्वाविवा पुढे १५८३ साली कुंकळ्ळी येथे मारले गेले. दुसरे होते कॅटलोनियात जन्मलेले अंतोनियो मोन्सेरात.

सुरत, मांडू, उज्जैन, सारंगपूर करीत ही मंडळी सिरोंजला पोहोचली. भोपाळच्या करोंदवरून बैरसियाकडे जाणारा आजचा रस्ताही पुढे तेथेच जातो. मोन्सेरात वाटेत अक्षांश मोजीत आणि रोज रात्री टिपणे लिहीत. दरबारात ते राजपुत्र मुरादचे शिक्षक झाले. १५८१ साली काबूलच्या मोहिमेत पंजाबच्या नद्या व सिंधू ओलांडून ते जलालाबादपर्यंत गेले. या नद्या त्यांनी नकाशावर आणल्या. मानसरोवर मात्र ऐकीव माहितीवरून दाखविले.

१५८९ साली ते इथिओपियास निघाले व वाटेत अरबांच्या हाती सापडले. येमेनमधील बंदिवासात त्यांनी आपला लॅटिन ग्रंथ लिहून पुरा केला. त्यांचे सहबंदी पेद्रो पाएझ यांनी पुढे १६१८ साली निळ्या नाईलचा उगम पाहिला. सुटकेनंतर मोन्सेरात गोव्यात परतले व १६०० साली सासष्टीत निवर्तले.

त्यांचे हस्तलिखित व त्यातील छोटा नकाशा थेट १९०६ साली कलकत्त्याच्या एका ग्रंथालयात सापडला. तोवर रेनेलचा हिंदुस्थानचा नकाशा प्रसिद्ध होऊन शतकाहून अधिक काळ लोटला होता. बंदिवासात जपलेले ज्ञान जगाला वेळेवर मिळाले नाही, ही या चरित्राची खंत आहे.