तारामतीचा शोध

आपल्या मंडळाच्या गेल्या वर्षीच्या संमेलनात आम्ही राजा हरिश्चंद्राचा एक प्रवेश बसवला होता, तो पुष्कळ भगिनींना आठवत असेल. तारामती व्हायला पाचजणी तयार होत्या. हरिश्चंद्र व्हायला एकही नाही! मिशी लावायची म्हटल्यावर कोणाला सर्दी झाली, कोणाकडे पाहुणे आले. शेवटी उंची पाहून ती मिशी माझ्या वाट्याला आली. पहिल्या तालमीला मी तलवार लाटण्यासारखी धरली, तेव्हा प्रवेश बसवणाऱ्या बाईंनी मला आठ दिवस घरातल्या पुरुषांच्या उठण्याबसण्याकडे नीट बघायला सांगितले. त्या आठ दिवसांत मला दादासाहेब फाळके यांची फार आठवण झाली. त्यांची अडचण आमच्या बरोबर उलटी होती. त्यांना हरिश्चंद्र मिळाला होता, तारामती मिळत नव्हती. यंदा स्मरणिकेसाठी काही लिहा असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला, म्हणून त्या थोर माणसाचे चरित्र माझ्या साध्या भाषेत लिहिते आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चूकभूल द्यावी घ्यावी.

दादासाहेबांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी झाला. वडील संस्कृतचे विद्वान. त्यांना मुंबईत कॉलेजात शिकवण्याचे काम मिळाले तेव्हा कुटुंब मुंबईला आले. मुलाला चित्रकलेची आवड. १८८५ साली ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनातही शिकले. फोटोग्राफी, छपाई, जादूचे प्रयोग, नाटकाचे पडदे रंगवणे, असे नाना उद्योग त्यांनी केले. गोध्र्याला फोटोचा धंदा चालू असताना प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेले. १९०२ साली त्यांनी दुसरे लग्न केले. या दुसऱ्या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. त्यांच्याविषयी पुढे लिहीनच, कारण त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय दादासाहेबांचे चरित्र मला पुरे करताच येणार नाही.

पुरातत्त्व खात्यात दादासाहेबांना चांगली सरकारी नोकरी होती. स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत ती त्यांनी सोडली. मग छापखाना काढला, त्यासाठी १९०९ साली जर्मनीला जाऊन यंत्रे पाहून आले आणि भागीदारांशी बिनसल्यावर तोही सोडला. घरात मुले आणि हाताला काम नाही, अशा वेळी १९११ साली त्यांनी गिरगावात तंबूतल्या थिएटरात एक चित्रपट पाहिला. पुन्हा सरस्वतीबाईंना घेऊन गेले, तेव्हा पडद्यावर येशू ख्रिस्ताचे चरित्र चालले होते. ते पाहता पाहता आपले राम आणि कृष्ण असे पडद्यावर कधी येतील, हा ध्यास त्यांना लागला. रात्रंदिवस पाहून वाचून डोळे इतके शिणले की काही काळ दिसेनासे झाले होते. उपचारांनी दृष्टी परत आली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते विलायतेला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्याकडे हे तंत्र पाहिले, कॅमेरा आणि कच्ची फिल्म यांची मागणी नोंदवली आणि दोन महिन्यांच्या आत परत आले. कुंडीत वाटाणा पेरून त्याचा वेल कसा वाढतो याची छोटीशी फिल्म त्यांनी घरातच काढली. ती पाहून सावकाराने पैसे दिले. पुढे सरस्वतीबाईंचे दागिनेही या धंद्यात गेले.

आता गोष्ट पात्रांची. दादरला राहत्या जागेतच कारखाना उभा राहिला आणि राजा हरिश्चंद्राची कथा ठरली. नट पाहिजेत अशी वर्तमानपत्रांतून जाहिरात दिली. माणसे पुष्कळ आली, पण दादासाहेबांच्या मनास येईनात. ज्यांची चेहरेपट्टी बरी नाही त्यांनी येण्याची तसदी घेऊ नये, अशा अर्थाचे शब्द म्हणे पुढच्या जाहिरातीत घालावे लागले! वाचून हसू येते, पण मला त्यांचे म्हणणे पटते. नाटकात आवाज असतो, गाणे असते. आवाज गोड असला की प्रेक्षक बाकीचे पुष्कळ पोटात घालतात. त्यांच्या चित्रपटाला आवाजच नव्हता. नुसता चेहरा, हात आणि चालणे यांवर सगळी कथा कळायची. तेव्हा माणूस निवडण्यात चूक झाली तर ती झाकायला काहीच नव्हते.

हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले. विश्वामित्रही मिळाला. अडले ते तारामतीपाशी. घरंदाज बाईने कॅमेऱ्यापुढे उभे राहायचे, ही गोष्ट तेव्हा मनातसुद्धा येण्यासारखी नव्हती. नाटकातही बायकांची कामे बहुधा पुरुषच करीत. मग ज्या वस्तीचे नाव आपण घरात मुलांदेखत घेत नाही, तिथेही दादासाहेब जाऊन आले. तिथल्या बायकांनीही नकार दिला असे सांगतात. समाजाने ज्यांना वाळीत टाकले त्यांनाही सिनेमा कमीपणाचा वाटावा! मला मात्र वाटते, त्या बायकांनाही आपला चेहरा गावभर फिरवायचा नसेल. त्यांचे मन कोणी विचारले होते?

दादासाहेबांनी सरस्वतीबाईंनाच तारामती होण्याविषयी विचारले होते, असेही सांगतात. त्यांनी मान्य केले नाही. त्यांच्या अंगावर तेव्हा किती काम होते, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटत नाही. कारखान्यातली सगळी माणसे घरीच जेवत. साठसत्तर पानांचा स्वयंपाक. मुलांचे करायचे. शिवाय अंधाऱ्या खोलीत बसून कच्च्या फिल्मला भोके पाडायची, ती धुण्याची रसायने तयार करायची आणि चित्रण चालू असताना नटांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून पांढरी चादर धरून तासन् तास उन्हात उभे राहायचे. आपण चार पाहुणे आले की दमून जातो. तारामती राजवाडा सोडून दुसऱ्याच्या घरी दासी झाली म्हणून आपण डोळ्यांना पदर लावतो. पण तिच्या तोंडावर उजेड पाडणारी बाई चादरीमागे उभी होती, ती कोणाला दिसली नाही.

शेवटी तारामती सापडली ती ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात. दादासाहेब तिथे गेले असता अण्णा साळुंके नावाचा तरुण आचारी त्यांच्या दृष्टीस पडला. बांधा नाजूक, हात सडपातळ, चालणे हलके. महिना १० रुपये पगार होता. दादासाहेबांनी १५ देऊ केले आणि त्याला घेऊन आले. शेकडो माणसे जाहिरात वाचून आली त्यांत जे मिळाले नाही, ते चहाच्या टेबलाशी मिळाले. मला यात दादासाहेबांची नजर दिसते. आधी चित्रकार, मग फोटोग्राफर, म्हणून ते माणसाच्या धंद्याकडे पाहत नसत. हात कसा हलतो, मान कशी वळते, हे पाहत.

पण नुसती नजर असून भागत नाही. ज्यांना बायकांची कामे करायची होती त्यांना मिशा होत्या, आणि बाप जिवंत असताना मिशी काढायची नाही अशी तेव्हाची चाल. समजूत घालून एकेकाची मिशी उतरवावी लागली. मग घरातही त्यांना लुगडी नेसायला लावली, तांदूळ निवडायला बसवले असे सांगतात. सूप पाखडताना मनगट कसे फिरते, पदर सावरताना खांदा कसा येतो, हे शिकवून येत नाही. रोज करून अंगात येते. हे वाचले तेव्हा मला आमच्या बाईंचे बोलणे आठवले आणि लाटण्यासारखी धरलेली तलवारही आठवली. कोणी विचारले तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत काम करतो असे सांगा, अशी सगळ्यांना ताकीद होती, कारण सिनेमात काम करतो म्हटले तर लोक तुच्छ मानत. याच नावाचा परेश मोकाशी यांचा मराठी चित्रपट २००९ साली निघाला, तो आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल.

हरिश्चंद्राचा मुलगा रोहिदास याच्यासाठीही असाच शोध झाला. साप चावून मेलेल्या मुलाचे काम आपल्या मुलाने करावे, असे कोणत्या आईबापांना वाटेल? शेवटी दादासाहेबांनी स्वतःचा मुलगा भालचंद्र यालाच उभे केले. चित्रण चालू असताना हा मुलगा दगडावर पडला, डोक्याला लागून बेशुद्ध झाला, आणि दादासाहेबांनी काम न थांबवता त्याच अवस्थेत रोहिदासाचा तो प्रसंग चित्रित केला, अशी हकीकत सांगतात. सांगणारे ती कौतुकाने सांगतात. मला तिचे कौतुक करता येत नाही. दादासाहेबांबद्दल मनात फार आदर आहे, पण मी आई आहे, आणि त्या वेळी सरस्वतीबाई कुठे होत्या हाच विचार माझ्या मनात पहिल्यांदा येतो. पोर शुद्धीवर आले, बरे झाले, हे देवाचे उपकार.

सहा महिने आणि २७ दिवस खपून ३७०० फूट लांबीचा चित्रपट तयार झाला. ३ मे १९१३ रोजी तो गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमात लोकांना दाखवला गेला. लोकांनी गर्दी केली. पडद्यावर तारामती रडली तशा प्रेक्षकांतल्या बायकाही रडल्या असतील, आणि आपण एका आचाऱ्यासाठी रडतो आहोत याची आठवण त्यांना राहिली नसेल.

त्याच साली दादासाहेब नाशिकला गेले आणि तिथे त्यांनी मोहिनी भस्मासुर काढला. या वेळी मात्र बायका मिळाल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी झाली. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या. एकट्याने मुलगी वाढवायची म्हणून त्या नाटक कंपनीत शिरल्या होत्या. लोकांची बोलणी त्यांनी आधीच ऐकून घेतली होती, म्हणूनच त्यांना हे पाऊल टाकता आले असे मला वाटते. आपल्या देशाच्या चित्रपटात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या बायका या दोघी मायलेकी. कमलाबाई पुढे गोखल्यांच्या घरच्या झाल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले त्यांचे नातू. या दोघांचे काम तर आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

बायका मिळू लागल्या म्हणून अण्णा साळुंक्यांचे काम मात्र संपले नाही. १९१७ च्या लंकादहनात रामही तेच आणि सीताही तेच! पडद्यावर राम आला की लोक पायातले जोडे काढून ठेवत असे सांगतात. एकाच माणसात दोन्ही दिसावेत, हे पाहायलाही नजरच पाहिजे. याच अण्णांनी पुढे कॅमेरा चालवण्याचे काम हाती घेतले. हॉटेलच्या चुलीपासून कॅमेऱ्याच्या मागे, एवढा प्रवास त्यांनी केला.

दादासाहेबांची मला सर्वांत आवडणारी निवड मात्र त्यांच्या घरातलीच आहे. १९१८ सालच्या श्रीकृष्णजन्मात आणि १९१९ सालच्या कालियामर्दनात बाळकृष्ण झाली ती त्यांची सहासात वर्षांची मुलगी मंदाकिनी. पहिल्या चित्रपटात बाईचे काम पुरुषाने केले. इथे देवाचे काम एका मुलीने केले. कालियामर्दनाच्या सुरुवातीला मंदाकिनीचा नुसता चेहरा दाखवला आहे. ती हसते, रुसते, रागावते, आणि मग तोच चेहरा कृष्ण होतो. आपली निवड बरोबर आहे की नाही ते लोकांनीच पाहावे, असे जणू बापाने पुढे मांडून ठेवले आहे. सुदैवाने हा चित्रपट बराचसा शिल्लक आहे.

त्यानंतरचे दिवस तितके बरे गेले नाहीत. कंपनीत भागीदार आले, मतभेद झाले, दादासाहेब रागाने काशीला जाऊन राहिले, परत आले. तेवढ्यात चित्रपट बोलू लागला. नुसत्या चेहऱ्यावर कथा सांगणाऱ्या माणसाला हे नवे जग मानवले नाही. १९३७ साली कोल्हापुरात त्यांनी गंगावतरण हा एकच बोलपट केला आणि नाशिकला येऊन राहिले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे तिथेच निधन झाले.

त्यांच्या नावाने सरकारने पुरस्कार सुरू केला. १९६९ सालचा तो पहिला पुरस्कार देविकाराणी या नटीला मिळाला.