चार्ल्स वॉल्कॉट

चार्ल्स डूलिटल वॉल्कॉट यांचा जन्म ३१ मार्च १८५० रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात झाला. दोन वर्षांचे असतानाच त्यांचे पितृछत्र हरपले. शालेय शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी लोखंडी सामानाच्या दुकानात नोकरी धरली. पुढे ट्रेंटन फॉल्सजवळ रस्ट कुटुंबाच्या शेतावर राहून ते चुनखडकांतून ट्रायलोबाइट या प्राचीन सागरी प्राण्याचे जीवाश्म वेचू लागले. याच घरातील ल्युरा यांच्याशी १८७२ मध्ये त्यांचा विवाह झाला. चार वर्षांनी ती साथ संपली.

१८७३ मध्ये हार्वर्डच्या लुई आगासी यांनी त्यांचा संग्रह विकत घेतला आणि ट्रायलोबाइटाचे पाय शोधण्यास सुचविले. पाठीचे कवच तोवर सर्वपरिचित होते. खालची बाजू मात्र जवळजवळ अज्ञात होती. आगासी त्याच वर्षी निवर्तले, पण वॉल्कॉट यांनी विषय सोडला नाही. अंगाची गुंडाळी केलेले जीवाश्म कापून, घासून त्यांनी शेकडो पातळ काप तयार केले आणि १८८१ मध्ये पायांचा पुरावा प्रसिद्ध केला.

या पायांना एवढे महत्त्व का? कीटक, खेकडे, विंचू या संधिपाद प्राण्यांचे डोके शरीराचे पुढचे खंड एकत्र जुळून बनलेले असते. किती खंड जुळले हे कवचावरून सहसा कळत नाही. खालच्या शृंगिका आणि पाय मोजावे लागतात. १८९३ मध्ये येल येथील बीचर यांनी ट्रायलोबाइटाच्या शृंगिका स्पष्टपणे दाखविल्या. त्यांमागील पाय बहुतांशी धडाच्या पायांसारखेच होते.

वॉल्कॉट भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे संचालक आणि १९०७ पासून स्मिथसोनियन संस्थेचे सचिव झाले. ऑगस्ट १९०९ च्या अखेरीस कॅनडाच्या पर्वतराजीत त्यांना बर्जेस शेल हा खडक गवसला. सुमारे ५० कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या त्या चिखलात मऊ अवयवांचेही ठसे उमटले होते. बोटाच्या पेराएवढी मरेला तेथे विपुल सापडली. तिच्या डोक्याला उपांगांच्या अवघ्या दोन जोड्या. एका प्राण्याला त्यांनी पुत्र सिडनी याचे नाव दिले.

पण हा काळ कौटुंबिक आघातांचा होता. १९११ मध्ये द्वितीय पत्नी हेलेना रेल्वे अपघातात गेल्या, १९१३ मध्ये एक पुत्र वारला, १९१७ मध्ये दुसरा फ्रान्समध्ये वैमानिक म्हणून लढताना मृत्युमुखी पडला. तरी खाणीतून ६५ हजारांवर नमुने वॉशिंग्टनला पोचले. हे विचित्र जीव त्यांनी परिचित वर्गांत कोंबले, असा आक्षेप पुढे घेतला गेला. तो खोटा नव्हे. पण कचेरीच्या कामातून उरलेल्या सवडीत ते एकटे हे सारे वाचीत होते, याचा विसर टीकाकारांना पडला असावा.

९ फेब्रुवारी १९२७ रोजी त्यांचे निधन झाले. नमुने कित्येक दशके कपाटांत पडून होते. केंब्रिजच्या व्हिटिंग्टन यांनी १९७१ मध्ये मरेलाचे नव्याने वर्णन केले. वॉल्कॉट यांनी पेयटोइया या नावाने जेलीफिश म्हणून नोंदविलेली चकती म्हणजे संधिपादांच्या एका दूरच्या नातलगाचे तोंड असून त्यापुढे पकडीची दोन उपांगे होती, हे व्हिटिंग्टन आणि ब्रिग्ज यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले.