मागचा शॉकअप आणि रॉबर्ट हूक



हूकचा नियम आपण फळ्यावर एका ओळीत लिहून मोकळे होतो. यंदा मी तो माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरपासून सुरू केला. मागे लेक बसली की प्रत्येक गतिरोधकावर खालून ठक्क आवाज यायचा. मेकॅनिकने मागच्या शॉकअपची रिंग एक खाच घट्ट केली. ठक्क थांबलं, पण गाडी उड्या मारायची ती मारतच राहिली. असं का, हे मुलांना सांगायचं तर हूकच्या घरी जावं लागतं.

रॉबर्ट हूकचा जन्म 1635 चा, इंग्लंडमधल्या वाइट बेटावरचा. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. पोरगा सतत आजारी, म्हणून शिक्षण घरीच. एकदा त्याने जुनं पितळी घड्याळ खोललेलं पाहिलं आणि तसंच लाकडाचं करून चालवून दाखवलं, असं सांगतात. (घरातलं घड्याळ खोलून ठेवणाऱ्या मुलाला रागावण्याआधी पालकांनी हे आठवावं!) तेराव्या वर्षी वडील गेले. मुलगा लंडनला आला, शाळेत शिकला, पुढे ऑक्सफर्डला रॉबर्ट बॉईलसाठी हवेचा पंप बनवू लागला. 1662 मध्ये रॉयल सोसायटीने त्याला प्रयोग करून दाखवायच्या कामावर नेमलं. 1665 मध्ये सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रांचं पुस्तक आलं. जीवशास्त्रातला पेशी हा शब्द आपल्याला त्याच पुस्तकाने दिला.

त्याच साली मे महिन्यात हूक काही सदस्यांबरोबर लंडनबाहेर एका कर्नलच्या घरी गेला. तिथे घोडागाडीचे हादरे कमी करण्याचे प्रयोग चालले होते. सोसायटीत स्प्रिंगच्या गाड्यांची चर्चा होतीच. म्हणजे आपल्या शॉकअपचा प्रश्न हूकसमोर प्रत्यक्ष आलेला होता.

स्प्रिंगचा नियम त्याने 1676 मध्ये चौदा अक्षरांच्या कोड्यात छापला. शोध आपल्या नावावर राहावा, पण दुसऱ्याला कळू नये! दोन वर्षांनी त्यानेच ते कोडं उलगडलं: जेवढा ताण, तेवढा जोर. लांब तारा टांगून, वजनं वाढवत त्याने मोजलं होतं. दुप्पट वजन, लांबीतली वाढ दुप्पट. मर्यादेपलीकडे ताणलं तर मात्र स्प्रिंग पूर्ववत होत नाही.

आता स्कूटरकडे या. रिंग आवळली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते, बस. तिचा कडकपणा बदलत नाही. वजन पडल्यावर गाडी पूर्वीपेक्षा कमी बसते, म्हणून ठक्क थांबलं. उड्या वेगळ्या. दाबलेली स्प्रिंग सुटली की वरखाली हलत राहते. ते हलणं शॉकअपमधलं तेल मारतं. माझ्या शॉकअपचं तेल गळून गेलं होतं. दोन्ही बदलले, तेव्हा उड्या थांबल्या. तपासायची रीत सोपी आहे: मागची सीट जोरात दाबून सोडा. वर येऊन थांबली तर ठीक, दोनतीनदा झोके घेतले तर तेल गेलं समजा. मुलांना हे शाळेच्या आवारातच करून दाखवता येतं. पण बॅटरी आणि दोन माणसं धरून वजन जास्तच होत असेल तर रिंग कितीही फिरवा, योग्य कडकपणाची स्प्रिंगच लागेल.

हूकचं पुढचं आयुष्य भांडणांत गेलं. घड्याळाच्या स्प्रिंगवरून ह्युगेन्सशी, गुरुत्वाकर्षणावरून न्यूटनशी. 1666 च्या आगीनंतर लंडन पुन्हा उभं करताना मोजणीचं मोठं काम त्याने केलं, पण नाव झालं ते क्रिस्टोफर रेनचं. 3 मार्च 1703 ला तो गेला. साध्या खोल्यांत राहणाऱ्या त्या माणसाच्या पेटीत हजारो पौंड निघाले. त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला.

तेव्हा मुलांना दाखवायला हूकचं चित्र शोधत बसू नका. खात्रीचं असं त्याचं एकही चित्र उरलेलं नाही.