रेडिओची गाळणी

मुलांनो, वाशिंदला रात्री मध्यम लहरींवर रेडिओ लावून पाहा. शेजारशेजारची केंद्रे एकमेकांत मिसळतात. तरीही हवे ते केंद्र निवडून ऐकता येते. ही सोय करणाऱ्यांत एडविन आर्मस्ट्राँग यांचे नाव मोठे आहे.

त्यांचा जन्म १८९० मध्ये न्यूयॉर्क येथे झाला. १९१८ मध्ये पॅरिसला सैन्यात असताना त्यांनी एक युक्ती शोधली. कोणतेही केंद्र लावा, रेडिओ त्याच्या लहरींची कंपनसंख्या बदलून ठरावीक करतो. मग सर्व केंद्रांना एकच गाळणी पुरते. गाळणी रुंद असली तर शेजारचे केंद्र आत शिरते. फार अरुंद असली तर आवाज दबतो; ‘स’ आणि ‘फ’ सारखेच वाटू लागतात. म्हणून मधला मार्ग काढावा लागतो.

विजा चमकल्या की होणारी खरखर मात्र गाळणीने थांबेना. तेव्हा आर्मस्ट्राँग यांनी एफएम ही नवी पद्धत शोधली. १९३३ मध्ये त्यांना तिची पेटंटे मिळाली. पण ती वापरणाऱ्या कंपन्यांशी त्यांना अनेक वर्षे खटले लढावे लागले. त्यात पैसा गेला, उमेद खचली. १९५४ मध्ये ते वारले. त्यांच्या पत्नी मॅरियन यांनी लढा सोडला नाही. शेवटचा खटला त्यांनी १९६७ मध्ये जिंकला.

मुलांनो, एफएमवर स्वच्छ गाणे ऐकाल तेव्हा या दोघांची आठवण ठेवा.